फरशीवरचं पाणी

अण्णा, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी पुन्हा गाडी चालवायला शिकतेय. रस्त्यावरची गाडी मला येते. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हाच जालन्यात शिकले होते, तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी. हे शिकणं वेगळं आहे. जिथे रस्ता नाही तिथून गाडी न्यायची आणि धडपणे परत आणायची. दर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खदानीत आम्ही आठ-दहा जण जमतो. दगडांवरून, चिखलातून, उतारांवरून गाड्या घालतो, अडकतो, एकमेकांना पट्टा लावून ओढून काढतो, डबे खातो आणि दुपारी घरी येतो. लोक याला छंद म्हणतात. तुम्हाला ऐकून हसू आलं असतं की राग, मला ठरवता येत नाही. आरोग्य केंद्राच्या जीपवर तुम्ही आयुष्यभर हेच केलंत, नोकरी म्हणून, आणि त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं.

माझी सुरुवात छंद म्हणून झाली नाही. भोकरदन तालुक्यातले बीजोत्पादनाचे प्लॉट माझ्याकडे आहेत, कपाशीचे, मिरचीचे. फुलोऱ्याच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी प्लॉटवर जावंच लागतं, आणि नेमके तेच दिवस पावसाचे. कंपनीचा ड्रायव्हर निवृत्त झाला, नवा आला नाही, म्हणून मी स्वतःची जुनी फोर-बाय-फोर घेतली. चारही चाकं ओढतात म्हणजे गाडी कुठेही जाईल अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात ती पाणंदीत दोनदा पोटापर्यंत रुतली. काळी माती टायरच्या खाचांमध्ये भरली की टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं नुसती जागच्या जागी फिरतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी ज्यांच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली ते शेतकरी पट्टा सोडता सोडता म्हणाले, "म्याडम, राग नका मानू. गाडी एकदम बराबर हाय. तुम्हाला चालवता येईना." राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनीच मला चाचांचा पत्ता दिला.

चाचांचं जुन्या जालन्यात गॅरेज आहे. पासष्टीचे आहेत, दाढी पांढरी, घरात उर्दू, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि गाडी अडकली की दोन्ही एकदम. जन्मभर जीपा दुरुस्त केल्या, आता गॅरेज जावई बघतो आणि हे रविवारी खदानीत नवशिक्यांना शिकवतात. पहिल्या दिवशी मी गाडी चालू करून तयारीत बसले होते. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. "पहिले उतरा बाई. पायी जाऊन या. जल्दी काय हाय?" समोर शंभर पावलांची वाट होती, बसल्या जागेवरून सगळी दिसत होती. तरी त्यांनी मला चालत नेलं. कुठला दगड हलतो, कुठला नाही, हे पाय देऊन बघायला लावलं. परत आल्यावर विचारलं, "किती दगड हलले?" मला सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा पाठवलं. त्या दिवशी मी पाच वेळा पायी गेले आणि एकदा गाडीतून.

दुसऱ्या रविवारी उतार. वरून बघताना तो उतार नसून विहीर आहे असं वाटतं. चाचांनी सांगितलं होतं की सगळ्यात लहान गिअर टाकायचा, क्लचवरून पाय काढायचा आणि इंजिनाला गाडी धरून ठेवू द्यायची. मी मधेच घाबरले आणि क्लच दाबला. गाडी सुटली ती खालच्या मातीच्या ढिगात जाऊन थांबली. चाचा वरून हळूहळू चालत आले, बंपर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "डर लागला की पाय वर घ्यायचा बाई. माणूस डरला की खाली दाबतो. सगळेच दाबतात." तिसऱ्या रविवारी एका दगडावरून चाक घसरलं, स्टेअरिंग गर्रकन फिरली आणि तिच्या आतल्या दांडीनं अंगठ्यावर असा फटका मारला की तो आठ दिवस सुजून राहिला. मग कळलं की अंगठे चाकाच्या आत घालायचे नसतात, बाहेर, वरच्या कडेवर ठेवायचे.

तेव्हा तुम्ही मला दिसलात. तुमचे अंगठे नेहमी बाहेर, सरळ असायचे. आईनं एकदा जीपमध्ये बसल्यावर विचारलं होतं, "असं काय धरता, हात पोळून राह्यला का?" मला ती तुमची ऐट वाटायची. मग एकेक गोष्ट आठवत गेली. चिखलाच्या वाटेला लागण्याआधी तुम्ही खाली उतरून बाभळीच्या काट्यानं चारही टायरांची हवा थोडी थोडी सोडायचात आणि डांबरी रस्ता आला की पायपंपानं परत भरायचात. पुढच्या चाकांपाशी वाकून मधली चकती हातानं फिरवायचात, मग आत येऊन दुसरा छोटा दांडा ओढायचात आणि म्हणायचात, "आता इस्पेशल गेर." मला वाटायचं हे सरकारी गाडीचे नियम असतील. जसं हजेरीबुकावर सही करायची तसं. चकत्या आणि छोट्या दांड्यानं पुढची चाकंही ओढू लागतात, हवा कमी केली की टायर पसरतो आणि माती धरतो, हे चाचांनी मला मागच्या वर्षी सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नव्हतं. एकदा दुपारी जीप लिंबाखाली उभी होती आणि मी तुमच्या जागेवर बसून चाक धरलं होतं. तुम्ही जेवण अर्धं टाकून बाहेर आलात. "हात काढ. गाडी सरकारची हाय. अन् तुला काय करायचंय गाडी शिकून?" मी उतरले. त्यानंतर मी तुमच्याकडून काही शिकायला गेले नाही.

पण मला त्या एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. मी आठवीत होते, श्रावण होता. मला फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून भोकरदनला चष्मा करायला टाकला होता. तुम्हाला औषधांच्या पेट्या आणायला तिकडे जायचं होतं. घरच्या माणसाला सरकारी गाडीत बसवायचं नाही हा तुमचा नियम तुम्ही अडीनडीलाच मोडायचात, तसा त्या दिवशी मोडलात, कारण एसटीचा भरवसा नव्हता. मी पुढे बसलेय. रात्रभर पडून पाऊस उघडलाय, पण वरच्या अंगाला आभाळ काळंच आहे. केदारखेड्याच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी येते. गाडीत चादरीखाली एक बाई आहे, तिच्या उशाशी सासू बसलीय, आणि नवरा बैलांच्या पुढे पळत येऊन हात करतोय. बाई पहिलटकरीण, काल संध्याकाळपासून अडलेली. तुम्ही काही विचारत नाही. जीपची मागची बाकं रिकामी करता, बाईला आत घेता. बाई मोठ्यानं ओरडत नाही, दात खाऊन कण्हतेय. मी मागे वळून बघत नाही, कारण तुम्ही सांगितलंय, "पुढं पाह्य."

नदीवर तेव्हा पूल नव्हता, फरशी होती. दगड आणि सिमेंटचा एक बसका पट्टा, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जायचं. पाणी मातकट आहे, फरशी दिसत नाही, दोन्ही कडेचे दगडी खुंट मात्र अर्धे वर आहेत. पलीकडे गेलं की भोकरदनचा दवाखाना अर्ध्या तासावर. तुम्ही जीप थांबवता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडता, काठी घेता आणि पाण्यात उतरता. मधोमध जाऊन उभे राहता. काठी इकडे टेकवता, तिकडे टेकवता, मग काठी न हलवता नुसतेच उभे राहता. माझ्या हिशेबानं फार वेळ उभे राहता. मग परत येता, पँटचे पाय खाली सोडता आणि म्हणता, "न्हाई."

"न्हाई म्हंजे?" नवरा विचारतो.

"गाडी घालता येत न्हाई. राजूरवरून जालन्याला नेतो."

"जालन्याला? आवो दादा, तीन घंटे लागतेत! सकाळची यष्टी याच्यावरूनच गेली ना. माझ्या डोळ्यानं पाह्यली म्या."

"गेली असंल. तवा पाणी खाली असंल."

"आता बी गुडघ्याच्या खालीच हाय. तुमी आत्ता चालून आले ना मंग?"

"मी चालून आलो. गाडीचं येगळं हाय. पाण्याखाली काय हाय ते कळून न्हाई राह्यलं."

सासू जीपमधून खाली उतरली आणि तुमच्या पायांना हात लावायला वाकली. तुम्ही दोन पावलं मागे सरलात. मग नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं. तो म्हणाला, "लेक हाय ना गाडीत. म्हणून." तुम्ही जीप वळवलीत. वळवताना मागचं चाक चिखलात फिरलं, तुम्ही उतरून चकत्या फिरवल्यात, छोटा दांडा ओढलात आणि आम्ही आलो त्या वाटेनं परत निघालो. राजूरच्या अलीकडे रस्ता खचला होता, तिथे शेतातून गाडी काढावी लागली. बाळ वाटेतच झालं. ते रडलं नाही. सासूनं ते पदरात घेतलं आणि जालना येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. बाई वाचली. दवाखान्यात तिला आत नेल्यावर तुम्ही मागची बाकं धुतलीत, मी बादली धरली होती.

चार दिवसांनी आईबरोबर एसटीनं भोकरदनला जाऊन मी चष्मा आणला. येताना डोळ्यांवर चष्मा होता आणि मी खिडकीत बसले होते. पाणी उतरलं होतं. फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत होती. एक दगड निखळलेला नव्हता, कुठे खड्डा नव्हता. चष्म्यातून सगळं नको तितकं स्पष्ट दिसत होतं. गाडीतल्या दोन बाया एकमेकींना दाखवत होत्या की हीच ती फरशी, इथूनच तो डायव्हर माघारी फिरला. आईनं पदर पुढे ओढून घेतला. घरी आल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहून सांगितलं, "अण्णा, फरशी शाबूत हाय. काहीच झालेलं नाही तिला." मला तुमचा चेहरा पडलेला बघायचा होता, हे मी आता लिहू शकते. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. परवा लसीची पेटी न्यायचीय तिकडं." आणि तुम्ही तंबाखू मळत राहिलात. इतका निगरगट्ट माणूस आपला बाप आहे असं मला वाटलं. शाळेत पोरी मला बघून ओंजळीत पाणी घेऊन "भ्याली, भ्याली" करायच्या. तेही मी तुमच्याच खात्यावर टाकलं.

त्या बाईच्या नवऱ्यानं तुमच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिला. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तुम्हाला लेखी खुलासा द्यायला सांगितला. तुम्हाला सही येत होती, पाट्या वाचता येत होत्या, सलग लिहिणं जमत नव्हतं. संध्याकाळी आई भाकरी करत होती, आणि तुम्ही स्वयंपाकघरातच पाटावर बसून मला म्हणालात, "कागद घे. लिही. फरशीवर पाणी होतं. पाण्याखालचं कळत नव्हतं. म्हणून गाडी घातली न्हाई." मी लिहिलं. "पुढं?" तुम्ही म्हणालात, "झालं." मी विचारलं, जालन्याला नेलं ते लिहू का, शेतातून गाडी काढली ते लिहू का. "ते त्यांना माहीत हाय. विचारलं तेवढंच लिहायचं." आई तव्यावरून मान न काढता म्हणाली, "लेकीबद्दल काही लिहा, लोक बोलून राह्यलेत." तुम्ही म्हणालात, "लेकीचा काय संबंध?" आणि हात धुवायला उठलात.

कागद माझ्या हातात होता. तीन ओळी. एवढं कोरं पान सरकारला कसं द्यायचं? मला माफीचे अर्ज लिहिता येत होते, शाळेत ते शिकवलेले होते. आणि फरशी शाबूत होती हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. मी खाली छान अक्षरात लिहिलं, "झाल्या प्रकारात माझी चूक झाली आहे. पुन्हा असे होणार नाही. कृपया माफी असावी." तुम्ही आलात, ओले हात पँटला पुसलेत, मी बोट ठेवलं तिथे सही केलीत. कागदाकडे बघितलंत, पण वाचलात का ते मला कळलं नाही. मी काही सांगितलं नाही. तुम्हाला वाचवतेय असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे चूक तुमची आहे, हे कुणीतरी लिहून ठेवावं असं मला वाटत होतं.

महिन्यानं आदेश आला. तुम्ही तो माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, वाच. "चालकाने चूक लेखी मान्य केली असल्याने" अशी त्याची सुरुवात होती. मी ते शब्द गाळून पुढचं वाचलं: जीप दुसऱ्या चालकाकडे द्यावी आणि तुम्ही हिवतापाच्या फवारणी पथकाबरोबर काम करावं. तुम्ही कागद घेतलात, चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलात. दीड वर्ष तुम्ही पाठीवर पंप घेऊन गावोगाव भिंतींवर औषध मारत फिरलात. अंगाला त्याचा वास यायचा, आई कपडे वेगळे भिजवायची. जीप परत मिळाली तेव्हा तुम्ही ती दोन दिवस नुसती धूत होतात. तो आदेश तुम्ही दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलात का, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. घेतला असेल तर तुम्ही त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाहीत. माझ्या शिक्षणाला तुम्ही कधी आडवे आला नाहीत. मी तुमच्याशी नीट वागत राहिले. त्यापलीकडे आपल्यात काही राहिलं नव्हतं.

मागच्या श्रावणात चाचा म्हणाले, "आज आगे तुम्ही. मी नाही येणार, गुडघा दुखून राह्यला." आमच्या मंडळात पुढची गाडी ज्याची, निर्णय त्याचा. तो नाही म्हणाला तर सगळे थांबतात. माझ्या मागे चार गाड्या होत्या, दोन गाड्यांमध्ये बायका-मुलं. त्या रविवारी खदानीतून बाहेर निघालो होतो, भोकरदनच्या उत्तरेला, डोंगर सुरू होतात तिथल्या वाटेनं. माळावरून, दगडी चढावरून सगळं व्यवस्थित झालं. मला थोडा अभिमानही वाटत होता. मग एक नाला लागला. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी घालायची नाही असा आमचा नियम आहे. पाणी गुडघ्याच्या बरंच खाली होतं. पलीकडच्या काठावर गाड्यांचे ताजे माग होते. मी बूट काढले, काठी घेतली आणि उतरले.

काठीला तळ लागत होता. सगळीकडे लागत होता, घट्ट. मी मधोमध पोचले आणि काठी टेकवायची थांबले, कारण घोट्यांना काहीतरी लागत होतं. बारीक खडे. पाण्याबरोबर खालून खडे वाहत होते आणि एकामागून एक घोट्यावर आपटत होते. तळपायाखालची वाळू थोडी थोडी सरकत होती. मी उभी होते तिथे माझ्या टाचांभोवती खळगा होत होता. वरून पाणी शांत दिसत होतं. काठावरून चार गाड्यांमधली माणसं माझ्याकडे बघत होती. कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यांना दिसत होतं ते असं की एक बाई पाण्यात उगाच उभी आहे. मी तशी बराच वेळ उभी होते. तळ जागेवर आहे की नाही हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं, आणि अजून एक मिनिट थांबून ते समजणार नव्हतं. तुम्ही काय करत होतात तिथे मधोमध, हे मला सदतीस-अडतीस वर्षांनी समजलं. ते मोठं काही नव्हतं. पायांना जे कळतंय ते पुरेसं आहे का, एवढंच तुम्ही बघत होतात.

मी परत आले आणि म्हटलं, वळवा. एक तरुण आहे आमच्यात, नवी गाडी, उत्साही मुलगा, वाईट नाही. तो म्हणाला, "काकू, सीरियसली? एवढ्याशा पाण्याला?" मी म्हटलं, तळ हलतोय. त्यानं उतरून बघितलं नाही. गाडीत बसला आणि सरळ पाण्यात घातली. मी थांबवायला हात वर केला तोवर तो मध्यावर होता. तो पलीकडे गेला. तिकडे वळला आणि परत आला. काचा खाली करून हसत होता, मुलं टाळ्या वाजवत होती. गाडीला काही झालं नाही, नाल्याला काही झालं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, वळवा. कुरकुरत वळवल्या. लांबच्या वाटेनं खदानीत यायला दुपार टळली, एका मुलाला गाडी लागली, त्याच्या आईनं मला डबा पुढे केला नाही.

पुढची गाडी ज्याची, त्यानं संध्याकाळी ग्रुपवर अहवाल टाकायचा असतो. मी आधी लिहिलं की क्लचचा वास येत होता, म्हणून धोका पत्करला नाही. वास येत नव्हता. वाचून बघितलं तर फार पटण्यासारखं वाटलं, कुणी काही विचारलं नसतं. मग ते पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात सहा-सात कारणं होती, शेवटी सगळ्यांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगिरीही होती. तेही पुसलं. शेवटी टाकलं ते असं: नाल्याला पाणी होतं. पाण्याखालचा तळ हलत होता. म्हणून गाड्या घातल्या नाहीत. त्या तरुणानं खाली हसणारं तोंड टाकलं. चाचांनी लिहिलं, "बराबर." बाकी कुणी काही लिहिलं नाही. मी फोन बाजूला ठेवला. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. मात्र त्यानंतर ती दुसरी तीन वाक्यं, माझ्या छान अक्षरातली, वरचेवर डोळ्यांसमोर येऊ लागली, म्हणून हे लिहायला घेतलं. तुमची चूक झाली नव्हती, अण्णा. फरशी शाबूत निघाली तरी झाली नव्हती. ते मूल वाचलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित वाचलं असतं. तुम्हालाही हे माहीत असणार, आणि तरी परवा लसीची पेटी न्यायची होती.

तुम्हाला पाठवण्याचा प्रश्न नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवावं असं वाटत नाही. आईला दाखवता आलं असतं, पण तीही आता नाही. हे लिहितेय त्या प्लॉटच्या नोंदवहीची मागची पानं संपत आलीत, तेव्हा एकच गोष्ट उरली आहे ती लिहिते. गेल्या रविवारी चाचांनी एक नवी बाई माझ्याकडे सोपवली. अंबडच्या शाळेत शिकवते, तिशीची असेल. मी तिला वाट पायी दाखवत होते. ती म्हणाली, "मला तर घरात कुणी शिकवणारंच नव्हतं हो ताई. तुमच्या घरात होतं का कुणी गाडीवालं?" मी म्हटलं, "नाही." विचार करून म्हटलं नाही, तोंडातून आधी गेलं. मग तिनं दुसरं काहीतरी विचारलं आणि मी त्याचं उत्तर दिलं. ती येत्या रविवारी परत येणार आहे. तेव्हा तिला सांगेन असं लिहिणार होते, पण ते मला खात्रीनं माहीत नाही. म्हणून लिहीत नाही.